सहा हजारावी डबी

३ नोव्हेंबर

आजचा आकडा — तीन हजार चारशे बारा. लेकीला दारातच अडवून विचारला. "आई, बूट तरी काढू दे," म्हणाली. काढ की! आकडा तोंडाने सांगायचाय, बुटाने थोडाच.

ही वही टांकसाळीची, मागच्या सालची. लेकीने आणून दिली. वार सगळे चुकीचे — वहीत आज रविवार आणि समोरची शाळा तर भरलीय. पण कागद गुळगुळीत, पेन कसं घसरत जातं. लिहा-वाचायच्या वर्गाच्या बाईंनी बजावलंय, रोज लिहायचं, एक ओळ का होईना. चुकलं तर खोडत बसायचं नाही, पुढे जायचं. बासष्टाव्या वर्षी लेकीने धरून नेऊन वर्गात नाव घातलं, आता चौसष्ट चालू. बाकी काही येवो न येवो, पुढे जाण्यात मी पटाईत झालेय.

तर आकडा. एकदा लिहूनच काढते, म्हणजे डोक्यात फिरायचा थांबेल.

टांकसाळ दर साली नवी नाणी पाडते. ती आपल्या हातात येतात, मळतात, गटारात पडतात. पण त्याच सालाची थोडी नाणी वेगळी पाडतात, आरशासारखी लखलखीत, आणि डबीत घालून हौशी लोकांना विकतात. लोक घेतात आणि कपाटात ठेवतात! बोटसुद्धा लावत नाहीत. नवंकोरं नाणं आणि त्याने जन्मात एक पाव विकत घ्यायचा नाही. मला हे काही केल्या पटत नाही. पण मला विचारतंय कोण!

माझी लेक त्या डब्यांच्या खिडकीवर बसते. बारा वर्षं झाली. ती लागली तेव्हा सालाला चौदा हजार डब्या जायच्या. मग अकरा. मग आठ. मागच्या साली सहा हजार तीनशे. आमच्या इमारतीखाली घड्याळं दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्याकडे एकतीस सालांच्या एकतीस डब्या. ते म्हणतात, हौशी माणसं म्हातारी होतायत आणि नवी काही जन्माला येत नाहीत. यंदा मोठ्या साहेबांनी सांगूनच टाकलंय — सत्तावीस तारखेपर्यंत डबीच्या मागणीचे सहा हजार फॉर्म आले तर खिडकी राहील. एक जरी कमी पडला तर खिडकी बंद आणि डब्यांचं सगळं काम दुसऱ्या टांकसाळीत. एक दिवस नि एक रात्र गाडीत बसायचं, एवढ्या लांब. कामामागे लेक. लेकीमागे जावईबापू. आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ.

ती तिघं वरच्या दोन खोल्यांत, मी खालच्या एका. मधे सतरा पायऱ्या. कोण उतरतंय ते मला न बघता कळतं.

४ नोव्हेंबर

३,४९०. बसवत नाही. कपाट दोनदा लावलं. पहिल्यांदा चांगलं लागलं होतं.

६ नोव्हेंबर

आज न राहवून टांकसाळीवरच गेले. भाजी आणायला म्हणून निघाले होते, ते उलट्या दिशेलाच पाय वळले.

खिडकीशेजारी एक काळी पाटी आहे, तिच्यावर आजवरचा आकडा खडूने लिहितात. लेकच लिहिते. ३,६५५. लेकीचं अक्षर सुरेख. ती लहान होती तेव्हा नाण्यावर कागद ठेवायची आणि वरून पेन्सिल घासायची. अख्खं नाणं कागदावर उमटायचं, कडेच्या रेघांसकट. माझ्या किराण्याच्या सुट्ट्या पैशांना तिने एकदा सकाळपासून दुपारपर्यंत सोडलं नाही, आणि आमच्याकडे त्या दिवशी चहात दूधच नव्हतं. अजूनही पेपर वाचताना कडेला गोल काढत असते. गोल आणि त्यात पाखरं, पानं, चेहरे. सवय!

आतून मला नमुन्याची डबी दाखवली. पांढरे हातमोजे घालून. "श्वास सोडू नकोस तिच्यावर," म्हणाली. मी काय शेळी आहे? पण धरला श्वास. बाई, काय चकाकत होती ती नाणी! माझ्याच नाकाचं प्रतिबिंब पाचही नाण्यांत.

एक कोरा फॉर्म मागून घेतला.

७ नोव्हेंबर

फॉर्मच्या मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. सगळी वाचली. पाऊण तास लागला आणि चष्मा दोनदा पुसला, पण वाचली. एका पत्त्याला एकच डबी. शेवटची तारीख सत्तावीस, पाच वाजेपर्यंत. विचार बदलला तर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत फॉर्म मागे घेता येतो, मग तो आकड्यात धरत नाहीत; त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. कोण घेईल मागे? उगीच कागद भरायला लिहितात.

लेकीला वाचून दाखवलं. तिने पेपर खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, "तुला पूर्ण पत्र वाचता येईल का ग आता? हाताने लिहिलेलं?" मी म्हटलं, सरळ अक्षर असेल तर येईल. खूश दिसली. माझ्यावर खूश असली की ती बोलत नाही, चहा करते. केला.

९ नोव्हेंबर

४,०२०! चार हजार ओलांडले. मी भिंगरीला गरगर फिरवली. लेक म्हणाली, "लोक घेतील ते घेतील, आई. तू जिवाला लावून घेऊ नकोस." आणि वर गेली. थकते बिचारी.

१० नोव्हेंबर

मला एक युक्ती सुचलीय. उद्या वर्ग.

११ नोव्हेंबर

काय मजा आली!

वर्गात आम्ही तेवीस जणी. मी बाईंना म्हटलं, फॉर्म भरणं हा धडा आहे ना पुस्तकात? मग खोटा कशाला भरायचा, खराच भरू. आणि सगळ्यांना सांगून टाकलं — लेक, खिडकी, सहा हजार, भिंगरी, सतरा पायऱ्या. बटणवाली (कोटाच्या कारखान्यात बटणं लावते, म्हणून बटणवाली) म्हणाली, "तुझ्या लेकीसाठी मी दोन नाणी काय, दोन कोट घेईन." कोट नको म्हटलं, डबी घे. कोणाच्या नातवाचा वाढदिवस येतोय, कोणाला सुनेला काहीतरी द्यायचंय. बावीसच्या बावीस तयार! बाईंनी मलाच फळ्याजवळ बोलावलं. मी खडूने फळाभर नमुन्याचा फॉर्म काढला आणि भरून दाखवला. एक रेघ वाकडी नाही. सगळ्या खाली मान घालून लिहीत होत्या. खोलीत नुसती पेनांची कुरकुर.

मी माझा फॉर्म ठेवून घेतला. तो सगळ्यांत शेवटी द्यायचा, सहा हजारावा. मनात आलं ते आलं.

बावीस फॉर्म स्वतः नेऊन खिडकीशेजारच्या पेटीत टाकले.

१३ नोव्हेंबर

४,४६८. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना विचारलं, तुम्हाला हो कसं वाटेल तिकडे जायला? म्हणाले, "लिफ्ट काय, सगळीकडेच अडकतात." हा माणूस असाच. हो की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही.

१४ नोव्हेंबर

काय होऊन बसलं!

लेक दुपारीच घरी. चेहरा पांढरा. पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "आई, हे काय आहे?"

बावीस फॉर्म. बावीस नावं — बावीस कुठली, त्यांची अशी एकोणीसच, कारण तिघींनी माझंच नाव लिहिलेलं. आणि पत्ता सगळ्यांवर एकच. आमचा! इमारत, जिना, खालची खोली. फळ्यावर मी जे जे लिहिलं ते ते बायकांनी उतरवून घेतलं. नाव तेवढं बऱ्याच जणींनी आपलं घातलं, नाव लिहायला पहिल्याच महिन्यात शिकवतात. पत्त्यापर्यंत आम्ही अजून आलोच नाही. माझा मला येतो, कारण तो लेकीने शिकवला.

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण तिला नाही आलं. "ह्याला आमच्याकडे साठेबाजी म्हणतात. आणि हा पत्ता माझ्या नोकरीच्या कागदावर आहे. साहेबांना वाटतंय आकडा मी फुगवतेय." मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं ग हे करायला?"

कोणी नाही. मी फॉर्म गोळा करून त्यांच्या कडा सारख्या केल्या. 

१५ नोव्हेंबर

तेवीसही जणी गेलो साहेबांकडे, बाईंना पुढे घालून. रखवालदाराला वाटलं मोर्चा आलाय.

साहेब तरुणच आहेत, केस तेवढे गेलेत. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बहुतेक जास्तच पहिल्यापासून, कारण बाई मला मागून चिमटे काढत होत्या. साहेबांना काही ते खरं वाटेना. मग बटणवाली उठली, त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर आपलं नाव लिहिलं. पाऊण मिनिट लागलं. साहेब बघत राहिले. पत्ता लिहा म्हणाले. ती म्हणाली, "तोच तर येत नाही ना, दादा. आणि तुमच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं आहे."

साहेब हसले. मला वाटतं बटणानेच काम केलं. बावीस फॉर्म रद्द, पण लेकीवर ठपका नाही. प्रत्येकीने आपला पत्ता आपल्या हाताने लिहून आणला तर नवे फॉर्म घेतील.

आकडा पाटीवर खाली आला. लेकीने पुसला, लिहिला. मला बघवेना.

१७ नोव्हेंबर

बाईंनी पुस्तकातला धडा बाजूला ठेवला. आता फक्त पत्ते. प्रत्येकीला तिचा वेगळा. वर्ग म्हणजे पोस्ट ऑफिस झालंय.

१९ नोव्हेंबर

४,९८०. रोज फार तर ऐंशी-नव्वदच येतायत. मला एका जागी उभं राहवत नाही. दूध उतू घालवलं. घड्याळवाल्यांकडे जाऊन बसले. ते म्हणाले, शेवटच्या आठवड्यात हौशी माणसं जागी होतात, दर साली तसंच.

त्यांना विचारलं, खिडकी गेली तर तुमचं कसं? म्हणाले, "माझं काय, तिकडून पोस्टाने येईल. मला डबीशी काम." मग त्यांनी सगळ्यांत जुनी डबी काढून दाखवली. नाण्यांवर धुरकट पिवळी झाक. मी म्हटलं, कोणी हात लावला? म्हणाले, कोणी नाही. एकतीस वर्षं कोणी नाही. "बंद डबीतही काळवंडतात हो. जपलं तरी." मला वाईटच वाटलं. हात लागून काळी झाली असती तर निदान फिरून तरी आली असती.

२० नोव्हेंबर

भिंगरी म्हणाली, "तिकडच्या शाळेमागे तळं आहे." कुठल्या शाळेमागे, म्हटलं. तर तोंडावर हात ठेवून जिन्यावरून वर पळाली. गोष्टीच्या पुस्तकातलं असेल. आजकाल पुस्तकं फार वाचते.

२२ नोव्हेंबर

बावीस फॉर्म गेले. बावीस पत्ते, बावीस अक्षरं. एकीचा पत्ता इतका मोठा झाला की तो रकाना सोडून कडेने वर चढला. लेकीने प्रत्येक फॉर्म हातात धरून पाहिला. तिचे डोळे भरले होते का? मला चष्म्यातून नीट दिसलं नाही.

५,४०१.

२४ नोव्हेंबर

५,६६०. घड्याळवाले खरं बोलले. जाग आलीय.

२५ नोव्हेंबर

५,७९३. लेक जेवली नाही. मी म्हटलं, काळजी करू नको, होतील. ती म्हणाली, "हो आई, होतील." आणि ताटातलं ताटातच फिरवत बसली. नंतर तिने पेपरच्या कडेला काढलेला गोल सापडला. त्यात एक म्हातारी बाई, फळ्यापुढे, हातात खडू. एवढुशा गोलात माझ्या अंबाड्याची पिनसुद्धा! कापून वहीत चिकटवलाय.

२६ नोव्हेंबर

५,८९९. उद्या. अक्षर बघा कसं आलंय.

२७ नोव्हेंबर

नीट लिहिते. पुढे पुढे लिहिते.

दुपारी तीनला पाटीवर ५,९६४ होते. मी सकाळपासून तिथेच, बाकावर. साडेतीनला ५,९७०. मग कोणीच येईना. चारला बटणवाली आली. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून, एकोणतीस जणींना घेऊन! ह्या सगळ्या लिहायला शिकलेल्या, आपापला पत्ता येणाऱ्या. रांग फाटकापर्यंत. लेक एकेकीचा फॉर्म घेत होती, शिक्का मारत होती, दर दहा फॉर्मना बाहेर येऊन पाटी बदलत होती. मी मोठ्याने मोजत होते. रखवालदारही मोजायला लागला.

पाचला सात मिनिटं कमी असताना पाटीवर ५,९९९. रांग संपली. खिडकीपुढे मी एकटी.

घडी केलेला फॉर्म काढला. माझं नाव, माझा पत्ता, माझं अक्षर. लेकीने घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का हातात तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, मार की! पाच वाजतायत. मारला.

६,०००. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा नीट बसले असेन.

मग साहेब बाहेर आले. माझा हात धरून म्हणाले, "आजी, तुमच्यामुळे तुमची लेक राहिली हो. नाहीतर गेलीच होती. तिकडे नाण्याचा ठसा कोरायची खोली आहे ना, तिथल्यांनी तिची चित्रं बघून तिला मागून घेतलं होतं. तिनेच अर्ज केला होता, दोन वर्षांपूर्वी. पण इथली खिडकी चालू असेतो मला तिला सोडता येत नाही. दुसरं माणूसच नाही माझ्याकडे." आणि हसले. मला गोड बातमी दिल्यासारखे.

मी हो हो म्हटलं. 

घरी येताना लेकीने माझी पिशवी घेतली. रस्ताभर टांकसाळीतल्या गमती सांगत होती. मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. घरी येऊन तिने चहा केला.

आता ती वर गेलीय आणि मी हे लिहितेय. दोन वर्षांपूर्वी. म्हणजे माझं वर्गात नाव घातलं तेव्हा. तिने मला स्वतःजवळ बसवून पत्ता शिकवला, आणि पत्र वाचता येईल का म्हणून विचारलं, आणि मला वाटलं कौतुक करतेय. भिंगरीचं तळं. जावईबापूंची लिफ्ट. ताटात फिरवलेलं जेवण. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी दारात उभी राहून रोज आकडा विचारत होते. ती रोज सांगत होती. एकदाही खोटा सांगितला नाही.

त्या खोलीत ती जे काढेल ते अख्ख्या देशाच्या खिशात जाईल. पाव घ्यायला, तिकीट काढायला.

माझ्या फॉर्मच्या पावतीमागेही तीच मुंगीच्या पायाएवढी अक्षरं; पुन्हा वाचली. ह्या वेळी पाच मिनिटांत.

२८ नोव्हेंबर

साडेअकराला खिडकीवर. "आई? आज काय?" मी पावती पुढे सरकवली. तिने पावती उलटून मागची बारीक अक्षरं पाहिली. मग हळूच म्हणाली, "कारण लिहावं लागतं."

लिहिलं. एकही अक्षर न खोडता — नाणं डबीत ठेवायचं नाही.

तिने शिक्का मारला. बाहेर आली, पाटी पुसली, आणि खडू तसाच हातात धरून माझ्याजवळ उभी राहिली. मी म्हटलं, लिही, पुढे जायचं.

५,९९९.